पत्रिकेवरची वेळ

आमचं गाव तालुक्याचं असलं तरी गाण्याच्या दृष्टीनं ते बेट आहे. लातूरहून निघालेले गवई उदगीरपर्यंत येतात आणि दमतात. नांदेडचे तर तेवढंही येत नाहीत. त्यामुळे आमच्याकडे वर्षातून एकदा, दिवाळीनंतर, मोंढ्यातल्या, म्हणजे धान्यबाजारातल्या, लिलावाच्या शेडमध्ये एक गायन होतं. बाकी वर्ष आम्ही लग्नातल्या बँडवर काढतो.

या गायनाची पत्रिका दर वर्षी साडेपाचची असते आणि गाणं आठच्या सुमारास सुरू होतं. यात कुणालाच काही गैर वाटत नाही. साडेपाच म्हणजे साडेसात, हे आमच्याकडे लहानपणीच समजतं. साडेसातला प्रमुख पाहुणे येतात, मग सत्कार सुरू होतात. गेल्या वर्षी मी मोजले, एकतीस झाले. शाली कमी पडल्या तेव्हा पहिल्या रांगेतल्यांच्या शाली मागच्या बाजूनं गोळा करून पुन्हा ताटात आल्या. मला मिळालेली शाल थोडी उबदार होती ती त्यामुळेच.

या पद्धतीमुळे नुकसान झालं ते एकट्या गुरुजींचं. गुरुजी म्हणजे आमच्या शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेले, माझ्या शेजारच्या घरात राहणारे, ऐंशीला टेकलेले गृहस्थ. त्यांना मारवा समोर बसून ऐकायचा होता. तो त्यांनी रेडिओवर पुष्कळ ऐकला होता, पण समोर कधीच नाही. मारवा दिवस मावळतानाचा राग, आणि आमच्या गावात दिवस मावळताना कोणी गातच नाही. त्या वेळी पाहुण्यांना आणायला गाडी गेलेली असते. त्यात गुरुजींचा डावा कान पूर्वीच गेला होता आणि उजवा निघायच्या तयारीत होता. लातूरच्या डॉक्टरांनी मशीन सुचवलं होतं. गुरुजी म्हणाले, "मशीनमधूनच ऐकायचं तर रेडिओ काय वाईट होता?"

या वर्षी नांदेडच्या एका कॉलेजात संगीत शिकवणाऱ्या बाई गायला येणार होत्या. आठवडाभर आधी गुरुजींनी मला अंगणात बोलावलं आणि हळू आवाजात कट सांगितला.

"पत्रिकेवर साडेपाच आहे ना? आपण साडेपाचला सुरू करायचं."

मी थक्क झालो. इतक्या वर्षांत हे कुणालाच सुचलं नव्हतं.

"अध्यक्ष चिडतील," मी म्हणालो. अध्यक्ष म्हणजे मोंढ्यातले मोठे आडतदार. शेड, सतरंज्या आणि पाहुणे ही सगळी त्यांचीच व्यवस्था.

"कशावर चिडतील? पत्रिका त्यांनीच छापली. बाईंना मी फोन केलाय. त्या काय म्हणाल्या माहीत आहे? म्हणाल्या, गुरुजी, अंधार पडल्यावर मारवा म्हणजे लग्न झाल्यावर साखरपुडा. मी वेळेवर येते."

त्या दिवशी साडेपाचला बाई मंचावर बसल्या, तबला लागला, तेव्हा शेडमध्ये श्रोते म्हणून गुरुजी, मी आणि माइकवाला होतो. गुरुजी पहिल्या रांगेत टोकाच्या खुर्चीवर तिरके होऊन बसले होते. मला त्यांनी फाटकाकडे पिटाळलं. "कोणी आलंच तर सावकाश आणा."

मग एक वेगळीच गोष्ट झाली. सोयाबीनचे दिवस होते. पलीकडच्या शेडमध्ये हमाल पोती रचत होते. सूर लागल्यावर ते एकेक करून आले आणि पोत्यांवर बसले. धर्माबादकडचा एक ट्रक वजनासाठी फाटकातल्या भुईकाट्यावर उभा होता. त्याचा ड्रायव्हर खाली उतरून पाणी प्यायला आत गेला तो पोत्यांपाशीच बसला. काटेवालाही खोलीतून उठून त्याच्या शेजारी आला. वीसएक माणसं झाली. आमच्या गायनाला इतके शांत श्रोते मी पूर्वी पाहिलेले नाहीत. एरवी निम्मे लोक आपलं नाव पुकारलं जाण्याची वाट पाहत असतात.

बाहेर उजेड तांबूस होत होता. बाई एका सुरापाशी येत होत्या आणि तिथं न थांबता वळत होत्या. मी संगीतातला जाणकार नाही, पण घरी पोचायच्या आत दार लागेल की काय, असं काहीतरी त्यात होतं.

आणि सहाला दहा कमी असताना फाटकाबाहेर हॉर्न वाजला. प्रमुख पाहुण्यांचा आधीच्या गावातला सत्कार रद्द झाला होता आणि ते आयुष्यात पहिल्यांदा वेळेच्या आधी पोचले होते. गाडीतून अध्यक्ष घाईनं उतरले. आत चाललेलं गाणं ऐकून ते तडक माझ्याकडे आले.

"कुणी चालू केलं?"

"पत्रिकेप्रमाणे," मी म्हणालो.

"ते ऱ्हाऊ द्या. ट्रक काढायला सांगा. सायबांची गाडी मंचापर्यंत न्यायची हाय."

मी पोत्यांपाशी जाऊन ड्रायव्हरच्या कानात सांगितलं. त्यानं मान हलवली. "बाई थांबल्या की काढतो."

"बाहेर मोठे साहेब आहेत."

"असू द्या की. मी बी ऐकून राहिलो."

गुरुजींकडे पाहिलं. डोळे मिटलेले, उजवा हात गुडघ्यावर हळू उघडत होता. मी फाटकाकडे परतलो. तेवढ्या चाळीस पावलांत मी आयुष्यातलं सगळ्यात उपयुक्त असत्य तयार केलं.

"वजन चालू आहे," मी म्हणालो.

आमच्या मोंढ्याचा एक नियम आहे: काट्यावर माल असताना गाडी हलवायची नाही, जवळ जायचं नाही. अगदी मालकानंही. तो नियम याच अध्यक्षांनी स्वतः फळ्यावर लिहून भिंतीला लावला होता, आणि फळा समोरच होता. अध्यक्षांनी फळा पाहिला, रिकामी खोली पाहिली, मला पाहिलं.

"काटेवाला कुठाय?"

"आत."

हे तर खरंच होतं.

पायी आत येता आलं असतं. बाजूनं वाट होती. पण पायी येणारा प्रमुख पाहुणा आमच्याकडे अजून झालेला नाही. साहेब काच वर करून फोनवर बोलत बसले. त्यांचा ड्रायव्हर मात्र अधूनमधून हॉर्न वाजवत राहिला. पंचवीस मिनिटांनी बाई थांबल्या, तेव्हा शेडच्या पत्र्याखाली पहिला दिवा लागला. ट्रकवाल्यानं उठून, कपडे झटकून, ट्रक काढला.

पुढचं सगळं रिवाजाप्रमाणे झालं. साडेसातला गाव आलं. सत्कार झाले. साहेब भाषणात म्हणाले की, या मातीतलं संगीत ऐकून आपण तृप्त झालो. त्यानंतर बाईंनी दोन भजनं म्हटली, तीही छान होती. अध्यक्षांनी मला शाल घातली आणि कानाशी म्हणाले, "वजन किती भरलं?" मी म्हणालो, "पुरेसं." ते हसले. व्यापारी माणूस; हिशोब मनात ठेवतात.

सत्काराला गुरुजींचं नाव दोनदा पुकारलं. ते तेव्हा बाहेर टपरीवर चहा पीत होते. त्यांची शाल मी घेतली आणि टपरीवर नेऊन दिली. ती त्यांनी घडी करून मांडीवर ठेवली आणि पुन्हा कपाला हात लावला.

"कसं झालं?" मी विचारलं. उजव्या बाजूनं.

त्यांनी चहा संपवला. मग म्हणाले, "झालं ऐकून."

"मधे हॉर्नचा फार त्रास झाला असेल."

"हॉर्न?" गुरुजी म्हणाले. "मी डावा कान फाटकाकडे करूनच बसलो होतो."