पुलापलीकडचा घोट

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. सांगायला बसलो की दरवेळी स्वतःचीच बाजू मांडायला लागतो, आणि मग स्वतःचाच वैताग येतो. वर्तमानपत्राच्या डेस्कवर आयुष्य गेलं. दुसऱ्यांच्या बातम्यांतली फालतू वाक्यं खोडायचा पगार घेतला. स्वतःची एक बातमी सरळ लिहिता येऊ नये?

तर सरळ. मला वास येत नाही.

करोनात गेला, तो परत आलाच नाही. गोड, कडू, आंबट, खारट कळतं, तिखट झोंबतं. बाकी काही नाही. घरी एकदा दूध पार करपलं आणि मी बाजूच्याच खोलीत पेपर वाचत बसलो होतो. बायको म्हणाली, "लक्ष कुठे राह्यते तुमचं?" लक्ष तिथेच होतं. पण ते सांगितलं नाही.

का नाही सांगितलं? कारण नात्यागोत्यात मी जिभेचा माणूस. लग्न वर्ध्यात असो, सिंदीला असो — आचारी वांग्याच्या भाजीची पहिली वाटी माझ्याकडे पाठवणार. हे कुणी सुरू केलं, देव जाणे. मी चमचाभर खायचं, "धने कच्चे राहिले" असं काहीतरी म्हणायचं, आणि चार जणांनी माना हलवायच्या. वास गेल्यावरही वाट्या येतच राहिल्या. मग मी तर्रीचा रंग बघायचो. वाटी आणणाऱ्याचा चेहरा बघायचो. कुणी आधी काही बोललं, तर तेच जरा फिरवून सांगायचो. कुणालाही संशय आला नाही! लोकांच्या या भोळेपणाची चीड यायची — आणि आपण पकडले जात नाही, याचीही.

एक गोष्ट इथेच सांगायला हवी. डेस्कवर असताना एका वार्ताहराला मी सगळ्यांसमोर फाडून खाल्लं होतं. समारंभाला न जाता त्याने निमंत्रणपत्रिकेवरून बातमी लिहिली होती, आणि न आलेल्या पाहुण्याचं भाषणही छापून आलं होतं. "तू तिथे नव्हतास, मग लिहिलंस कसं?" एवढा एकच प्रश्न मी त्याला पुन्हा पुन्हा विचारत होतो. हा प्रश्न लक्षात असू द्या.

रेणुका माझी भाची, नाचणगावच्या बहिणीची मुलगी. लहानपणी ती सुट्टीत आमच्याकडे आली, की मी तिला डोळे मिटायला लावायचो आणि एकेका डब्याचं झाकण उघडून नाकाशी धरायचो. ओवा की जिरं? कालचं लोणी की आजचं? ती चुकायची नाही. पुढे ती पुण्यात बिअर बनवणाऱ्या एका छोट्या कारखान्यात लागली. दारूबंदीच्या जिल्ह्यातली मुलगी, म्हणून घरचे सांगताना म्हणायचे, "फूड कंपनीत आहे." हा आणखी एक वैताग. पण खोटं बोलणाऱ्यांवर चिडायचा मला काय अधिकार?

तिथे तिने बार्लीवाइन केली. नावात वाइन असली तरी ती बिअरच — जवाची, पण वाइनइतकी कडक, आणि व्हिस्की ठेवून रिकाम्या झालेल्या ओकच्या पिपात महिनोन्‌महिने मुरवलेली. तिचं पहिलं पीप. मालकाला ते बाटल्यांत भरायची घाई होती. तिला शंका होती. मालकाने निर्णय तिच्यावर सोडला, आणि तिने — माझ्यावर.

नमुन्याची बाटली आमच्या जिल्ह्यात आणता येत नव्हती. म्हणून रेणुका जिल्ह्याबाहेर, धामणगावकडच्या एका मैत्रिणीच्या घरी उतरली, आणि दुपारचा मी पुलगावचा पूल ओलांडून तिकडे गेलो. रिकाम्या हाताने नाही. बार्लीवाइनची चव कशी असते, हे आदल्या दिवशी मोबाइलवर वाचून ठेवलं होतं.

पेल्यात काकवीसारखी गडद, फेस जवळजवळ नाही. घोट घेतला. गोड. मग कडू. मग छातीपर्यंत उतरत गेलेली ऊब. माझी बातमी इथे संपत होती. पण मी डोळे मिटले आणि सावकाश म्हणालो, "मनुका… काकवी… जळालेली साखर. आणि मागून ओलं लाकूड."

रेणुका खूश झाली नाही. मला वाटलं होतं होईल.

"आन वास, मामाजी?" ती म्हणाली. "मी पहिले काही बोलली नाई, तुमचं मन फिरू नये म्हणून. मले नेलपॉलिशसारखा वास येऊन राह्यला. पिपात हवा शिरली की येते तसा. मालक म्हणते, लाकडाचाच आहे. तुम्ही फक्त हो म्हणा, सगळं पीप ओतून टाकू."

मी पेल्यात नाक घातलं आणि बराच वेळ थांबलो. काय शोधत होतो? काहीच नाही. तो नुसता अभिनय होता. पण वेळ होता — एक वाक्य बोलायला पुरेसा वेळ होता. मला वास येत नाही. चार शब्द.

मी म्हणालो, "कुठे काय व? तुलेच सर्दी झाली असन."

ती हसली. किती मोकळं हसली ते आठवतं. "हो मामाजी, कालच्या गाडीत एसी लय होता," म्हणाली. कारण तिनेच शोधून दिलं. मला तेवढेही कष्ट पडले नाहीत.

पीप बाटल्यांत भरलं गेलं. लेबलवर तिचं नाव होतं. काही आठवड्यांत बाटल्या परत येऊ लागल्या — लोकांना नेलपॉलिशचा वास येत होता. तुम्ही म्हणाल, आता तरी तिला कळलं असेल की तिचं नाक बरोबर होतं. नाही. तिचा फोन आला. "पिपात तर चांगली होती, तुम्हीच पाह्यली. भरतानाच माझ्या हातून घाण झाली असन. मालकाले तसंच सांगितलं मी."

तेव्हाही बोलता आलं असतं. मी म्हणालो, "होते असं. मनाले लावून नको घेऊ."

तिचं काम गेलं. आता ती एका ऑफिसात बिलं तपासते. मी तिला फोनवर विचारतो, "बरं चाललं ना?" ती म्हणते, "मस्त."

परवा केळझरला नात्यातलं लग्न होतं. आचाऱ्याची वाटी आली. रेणुका शेजारी बसली होती. काय सुचलं कोण जाणे, मी वाटी तिच्यापुढे केली. आजूबाजूचे म्हणाले, "घ्या, भाऊंनी गादी सोडली!" तीही हसली आणि वाटी माझ्याकडे सरकवली.

"मले नका विचारू, मामाजी. माह्या नाकाचा काही भरोसा नाई."

मी चमचा तोंडात घातला. तिखट लागलं. खारट लागलं. सगळे माझ्याकडे बघत होते, तीही.

"मस्त झाली," मी म्हणालो.

मग तिने पोळीचा तुकडा मोडला, भाजीत बुडवला आणि थेट तोंडात घातला. लहानपणापासून ती आधी घास नाकाशी नेत असे.