माफ केलेली रंगूबाई

आमच्या शाळेचा परिचय दिवस एप्रिलच्या शेवटी असतो. कल्याण पूर्वेला त्या दिवसांत उन्हाने डोकं उठतं, तरी पालक झाडून सगळे येतात. पाचवीत ज्यांच्या मुलांना प्रवेश मिळालाय ते आईबाप, ती मुलं, सोबत आजी-आजोबा, एखादी आत्या, कडेवर धाकटं. पुरुष कडक इस्त्रीच्या शर्टात, बायका लग्नाला निघाल्यासारख्या. फादर त्यांना शाळेची मूल्यं समजावून सांगतात. पालकांना मूल्यांशी फारसं देणंघेणं नसतं. पोरगं फाडफाड इंग्रजी बोलायला लागलं की त्यांचं भागलं. पण प्रवेश नुकताच पदरात पडलेला असतो, म्हणून सगळे मुकाट्याने माना डोलावतात. मग हळूच विचारतात, गणपतीची सुट्टी किती दिवस, आणि मुलीला टिकली चालते का.

मी या शाळेत मराठी शिकवते. इंग्रजी शाळेत मराठीच्या बाईंची किंमत किती असते ते वेगळं सांगायला नको. त्या दिवशी दारात उभं राहून गुलाबाची फुलं वाटायचं काम माझ्याकडे असतं. त्यामुळे तो सगळा सोहळा मला दरवर्षी पहिल्यापासून शेवटपर्यंत बघावा लागतो.

पडद्यावर एकेक मूल्य येतं. सेवा, शिस्त, करुणा. प्रत्येकासोबत एक फोटो. सेवेला वृद्धाश्रमात केळी वाटणारी मुलं, शिस्तीला संचलन. सगळ्यात शेवटी येते क्षमा, आणि क्षमेला फोटो असतो रंगूबाईंचा.

रंगूबाई आमच्याकडे आया आहेत. मूळच्या साताऱ्याकडच्या. नवरा इमारतीच्या कामावरून पडून गेला तेव्हा मुलगा विनीत कडेवर होता. कोणीतरी फादरांच्या ओळखीचं होतं म्हणून शाळेत चिकटल्या, त्या आजतागायत. विनीतला मात्र या शाळेत जागा मिळाली नाही, तो महापालिकेच्या शाळेत शिकला. आता तो ठाण्याला टेंभी नाक्याजवळ मोबाइलच्या दुकानात कामाला आहे.

त्या काही कोणी साध्वी नाहीत. मस्ती करणाऱ्या पोराला कोपऱ्यात नेऊन असा चिमटा काढतात की ते घरी सांगायचं नाव घेत नाही. नव्या आयांना राबवून घेतात. कुठल्या बाईंचं कोणाशी वाजलं हे त्यांना त्या बाईंच्या आधी कळतं. पण लहान पोर वर्गात ओकलं तर नाक न मुरडता त्याचं तोंड पुसणारं शाळेत दुसरं कोणी नाही. आणि त्यांना स्वतःबद्दल अभिमान आहे, थोडाथोडका नव्हे. आख्ख्या चाळीला त्या सांगून बसल्या आहेत की वर्षातून एकदा मोठे फादर त्यांना स्टेजवर बोलावतात, शाल घालतात, सूटबूटवाले लोक उभे राहून टाळ्या वाजवतात. कुठल्या कामवालीचा असा सत्कार होतो? त्यातली एक शाल त्यांनी सुनेच्या आईला दिली होती, आणि ती कुठून आली हे सांगायला विसरल्या नव्हत्या.

फादर इंग्रजीत बोलतात. रंगूबाईंचं इंग्रजी कम हियर, डोन्ट रन आणि व्हेअर इज युवर बॉटल एवढ्यावर थांबतं. फादरांच्या त्या सुरेख, संथ भाषणातून त्यांना स्वतःचं नाव ऐकू येई, गॉड ऐकू येई आणि फॅमिली ऐकू येई. फॅमिली आलं की त्या हात जोडत. त्यांचा समज होता की फादर त्यांच्या कामाची तारीफ करताहेत. समोरच्या बायका डोळे पुसत, तेव्हा तो समज आणखी पक्का होई.

फादर सांगत ती गोष्ट अशी. एक गरीब विधवा आमच्याकडे आली. आम्ही तिला काम दिलं. ती लहान मुलांच्या डब्यांतून चोरी करू लागली. पकडली गेली. दुसऱ्या कोणी तिला हाकलून दिलं असतं. पण ती रडली, तिने आपलं पाप कबूल केलं, आणि आम्ही तिला क्षमा केली. आज ती आमच्या कुटुंबातली आहे.

खरं काय घडलं ते मला रखमाबाईंनी सांगितलं होतं. त्या रंगूबाईंच्याही आधीपासून इथे आया होत्या, आता गावी असतात. मुलं अर्धा डबा खायची आणि उरलेलं नळाखालच्या बादलीत टाकायची. रंगूबाई बादलीत पडायच्या आधी चपात्या उचलायच्या आणि पदरात बांधून विनीतला न्यायच्या. कुठल्या तरी आईने तक्रार केली, माझ्या मुलाचा डबा आया खाते. त्या वेळच्या फादरांनी रंगूबाईंना बोलावलं. रंगूबाई त्यांच्या पायावर पडल्या आणि म्हणाल्या, चूक झाली साहेब, पोटावर पाय देऊ नका. आपल्याकडे साहेब चिडला की असंच म्हणतात. चूक झालेली असो नसो, आधी पाय धरायचे, साहेबाचा राग उतरू द्यायचा. गावात पाटलापुढे असंच, ठेकेदारापुढे असंच. त्यांना कोणी सांगितलं नव्हतं की या लोकांकडे गुडघ्यावर बसून चूक झाली म्हटलं की तो कबुलीजबाब होतो, आणि कबुलीजबाब दिलेल्या माणसाला क्षमा मिळते. ते फादर गेले, दुसरे आले, तिसरे आले. प्रत्येकाने ती क्षमा पुढच्याच्या हाती सोपवली.

गेल्या वर्षी रंगूबाईंच्या नातीला, सान्वीला, आमच्याकडे पाचवीत प्रवेश मिळाला. बापाला मिळाला नव्हता तो मुलीला मिळाला, म्हणून रंगूबाईंनी स्टाफरूममध्ये पेढे वाटले. पोरगी हुशार. घराजवळच्या इंग्रजी प्राथमिक शाळेत शिकलेली, वाचायची तर पुस्तक हातातून खाली ठेवत नसे. रंगूबाईंनी बेत केला की या वेळी सगळं घर पहिल्या रांगेत बसवायचं, आणि फादर काय बोलतात ते नंतर सान्वीकडून शब्दन् शब्द समजून घ्यायचं. इतकी वर्षं नुसत्या टाळ्याच ऐकल्या, म्हणाल्या, आता अर्थ कळेल.

मी आत्ताच्या फादरांकडे, फादर ऑल्विनकडे गेले. फादर मंगळूरचे, मनाने खरंच चांगले, आणि तीच मोठी अडचण आहे. मी म्हटलं, या वर्षी तिची नात समोर बसणार आहे, ती गोष्ट गाळा. त्यांचा चेहरा उजळला. नात येणार हे त्यांना माहीतच नव्हतं. क्षमेचं फळ तिसऱ्या पिढीला मिळालं, म्हणाले, याहून सुंदर काय असणार. त्यांनी माझे आभार मानले आणि भाषणात दोन ओळी वाढवल्या.

त्या दिवशी विनीत दुकानातून सुट्टी काढून आला होता. त्याची बायको करिश्मा जरीकाठाची साडी नेसली होती. सान्वीच्या दोन वेण्या इतक्या घट्ट घातल्या होत्या की तिच्या भुवया वर ओढल्या गेल्या होत्या. क्षमा आली. रंगूबाई स्टेजवर गेल्या, शाल अंगावर घेतली, हात जोडून उभ्या राहिल्या. विनीत उभा राहून मोबाइलवर व्हिडिओ घेत होता. त्याला इंग्रजी जेमतेम कळतं, त्यामुळे सगळ्यात जोरात टाळ्या त्याच्याच. मी सान्वीकडे बघत होते. चोरीचं वाक्य आलं तेव्हा तिने बापाचा शर्ट ओढला. बापाने तिला हातानेच गप्प बस म्हणून खुणावलं. मग फादर म्हणाले, आणि आज तिची नात आपल्यात आहे. सान्वी, उभी राहा. सगळा हॉल मान वळवून बघू लागला. करिश्माने हसत हसत तिला ढकलून उभं केलं.

कार्यक्रमानंतर समोसा आणि सरबत होतं. बदामाच्या सावलीत रंगूबाई तसल्या उकाड्यात शाल पांघरूनच उभ्या होत्या. मलाही त्यांनी हाताला धरून थांबवून घेतलं होतं.

"बोल आता. काय काय बोलले फादर माझ्याबद्दल?"

करिश्माने सान्वीला डिवचलं.

"तू मुलांचे डबे चोरायचीस असं बोलले," सान्वी म्हणाली.

"ए, काय पण काय बोलतेस," करिश्मा ओरडली.

"मी नाय बोलत, फादर बोलले. आज्जी डबे चोरायची, मग रडली, मग त्यांनी माफ केलं."

रंगूबाईंनी विचारलं, "आणि टाळ्या?"

"माफ केलं म्हणून."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. दरवर्षी हेच असतं का, एवढंच विचारलं. मी हो म्हटलं. विनीत घाईघाईने मोबाइलमधून काहीतरी पुसायला लागला, पण व्हिडिओ तोवर नातेवाइकांच्या ग्रुपवर जाऊन पडला होता. रंगूबाईंनी शाल काढली, नीट घडी घातली आणि भांडी आवरायला गेल्या.

सोमवारी त्या फादरांच्या ऑफिसात गेल्या. फादरांचं मराठी बेताचं, म्हणून मला बोलावण्यात आलं. रंगूबाई ताठ उभ्या होत्या. म्हणाल्या, "फादर, मी चोरलेलं नाय. पोरं टाकायची ते उचललेलं." मी शब्दाला शब्द इंग्रजीत सांगितलं. फादर उठून त्यांच्याजवळ आले, खांद्यावर हात ठेवला. म्हणाले, रंगूबाई, ते सगळं कधीच माफ झालंय, देवाने ते मनातही ठेवलेलं नाही, तुम्ही का ठेवता? रंगूबाईंनी पुन्हा सांगितलं. फादरांनी पुन्हा माफ केलं. माझं डोकं तापलं. मी माझ्या वतीने चार शब्द बोलले, बादली, चपात्या, रखमाबाई सगळं सांगितलं. फादरांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले की माणसाला स्वतःचं पाप धुऊन सांगावंसं वाटतं, हेही मानवी आहे. एकदा माफ केलेल्या माणसाला निर्दोष व्हायची सोय राहत नाही, हे मला त्या दिवशी कळलं. आणि दारातून बाहेर पडताना रंगूबाई वळल्या, सवयीने हात जोडले आणि म्हणाल्या, चुकलं फादर, तुमचा वेळ घेतला.

जूनमध्ये शाळा सुरू झाली. परिचय दिवसाला बसलेली सगळी पोरं आता सान्वीच्या वर्गात. मधल्या सुट्टीत ती बाकावरून उठली की आजूबाजूचे डबे पटापट बंद व्हायचे. मग ती बसली की उघडायचे. त्यांनी त्याचा खेळच करून टाकला होता. आर्यन नावाच्या एका मुलाला मी त्याबद्दल वर्गाबाहेर उभं केलं, तर त्याची आई भांडायला आली, की मूल्यांची शाळा म्हणून आम्ही इथे घातलं आणि तुम्ही चोराची बाजू घेता. सान्वी रडली नाही. तिने स्वतःपुरता उपाय काढला. गणपतीच्या सुमारास एकदा तिने कॉरिडॉरमध्ये रंगूबाईंना हाक मारली, "मावशी, खडू द्या ना." सगळी मुलं आयांना मावशी म्हणतात. रंगूबाईंनी खडू दिला. कुठल्याही मुलीला देतात तसा. तेव्हापासून शाळेच्या फाटकाच्या आत त्या मावशी आणि फाटकाबाहेर आज्जी. पुढे फाटकाबाहेरही सान्वी मैत्रिणींसोबत पुढे निघून जायला लागली, आणि रंगूबाई मुद्दाम उशिरा निघायला लागल्या.

या वर्षी मार्चमध्ये फादरांच्या मनात आलं की क्षमेची गोष्ट आपण सांगण्यापेक्षा सान्वीनेच सांगावी. वर्गात तिच्यासारखं इंग्रजी कोणाचं नाही. करिश्मा चाचरली. विनीत म्हणाला, नाय सांगू या. पण रंगूबाईंनी दोघांनाही गप्प केलं. नाय म्हटलं तर फादरांच्या मनात राहील, पोरीला इथे अजून दहावीपर्यंत काढायचंय, असं त्या म्हणाल्याचं करिश्माने मला सांगितलं. सान्वीला कोणी काही विचारलं नाही. तिनेही काही विचारलं नाही. वक्तृत्वाच्या बाईंनी तिच्याकडून पंधरवडाभर तयारी करून घेतली, कुठे थांबायचं, कुठे आवाज खाली आणायचा.

एप्रिलमध्ये, परिचय दिवशी, मी पुन्हा दारात फुलं वाटत उभी होते. मला वेडी आशा होती की ऐन वेळी ती पोर ते वाक्य गिळेल. निदान अडखळेल. तिने कागदाकडे बघितलंही नाही. समोरच्या नव्या पालकांकडे बघत, स्वच्छ आवाजात, शिकवल्याप्रमाणे ती म्हणाली की माझी आजी लहान मुलांच्या डब्यांतून चोरी करायची. तिथे थांबली, सगळा हॉल शांत होईस्तोवर. रंगूबाई तिच्या शेजारी शाल घेऊन उभ्या होत्या. त्या वाक्याला त्यांनी मान खाली घातली. कुठल्या वाक्याला घालायची ते आता त्यांना कळत होतं. मग टाळ्यांनी हॉल दणाणला आणि फादरांनी दोघींना जवळ घेतलं.

रंगूबाई स्टेजवरून उतरल्या त्या थेट माझ्याकडे आल्या. त्यांचे डोळे लाल झाले होते.

"छान बोलली ना मॅडम?" त्या म्हणाल्या. "कुठे अडकली पण नाय."