ताईच्या कानांना मानवणारी तार

औषधांच्या कारखान्यात बावीस वर्षं गोळ्यांची पाकिटं भरून आई घरी बसली. म्हणजे बसली असं आम्हाला वाटलं. आठव्या दिवशी तिचे हात शिवशिवायला लागले आणि महिन्याभरात कानातली करण्यासाठी जेवणाच्या टेबलावर तारेची रिळं, मण्यांच्या बरण्या आणि चार तऱ्हेच्या पकडी आल्या. तेव्हापासून आम्ही ताट मांडीवर घेऊन जेवतो.

तारेच्या बाबतीत आई कुणाचं ऐकत नाही. दुकानदार "मॅडम, सगळे हीच नेतात" म्हणाला की ती तार हमखास बाद. प्रत्येक तारेचा बोटभर तुकडा मागून घ्यायचा, तिथेच काउंटरवर तीनदा वाकवायचा, सरळ करायचा आणि मग तिचा स्वभाव सांगायचा, ही तिची पद्धत. तांब्याची तार गरीब, पण घामाने हिरवी पडते. स्टीलची हट्टी, वळवाल तिथून परत फिरते. चांदीची गुणी, पण इतकी मऊ की आकडा दोन दिवसांत आ वासतो. नंबर जितका मोठा तितकी तार बारीक, हे तर तिने मला इतक्यांदा ऐकवलंय की झोपेतून उठवून विचारलं तरी मी सांगेन.

अशा या बाईची गाडी एका तारेवर अडली, ती मोठ्या मावशीमुळे.

मोठी मावशी म्हणजे आईची थोरली बहीण, शाळेची मुख्याध्यापिका. आईने दिलेली एकही वस्तू तिला आजवर पसंत पडली नव्हती. उशीचा अभ्रा दिला, तर शिवण जिथे वाकडी गेली होती तिथे लाल पेनाने खूण होऊन परत आला. स्वेटर दिला, तर "बाह्यांवर अजून मेहनत हवी." आई पन्नाशी ओलांडलेली बाई, पण मावशीच्या घरून निघताना तिचा चेहरा नापास झालेल्या मुलीसारखा असायचा. मला मावशीचा राग यायचा. थोडा अजूनही येतो.

त्या वर्षी मावशी निवृत्त होणार होती. निरोपाच्या समारंभात तिने आपल्या हातचे डूल घालावेत, एवढंच आईच्या मनात होतं.

"एकदा," ती मला म्हणाली, "एकदाच तिने काही न बोलता घालावेत. मग माझं काही मागणं नाही."

अडचण अशी, की मावशीचे कानही मावशीसारखेच. सोन्याखेरीज काही टेकलं की लाल होऊन सुजायचे. आणि सोन्याची तार आमच्या घरात कुठून यायची? बरं, मावशीला विचारावं तर "नसते उद्योग कुणी सांगितलेत" म्हणून विषय तिथेच संपला असता. म्हणून आईने बाबांचे कान ताब्यात घेतले.

बाबा टपाल कचेरीत पार्सलच्या खिडकीवर बसायचे. पाच तारा, प्रत्येकीला तीन दिवस. रोज सकाळी आई त्यांच्या दोन्ही कानांमागे तारेचा एकेक तुकडा चिकटपट्टीने लावायची, वहीत नोंद करायची आणि संध्याकाळी चष्मा चढवून तपासायची.

"अहो, खाजलं का?"

"नाही."

"जरासुद्धा?"

"तुला बरं वाटणार असेल तर खाजवतो," बाबा म्हणाले.

खिडकीवरच्या लोकांना वाटलं, साहेबांना कमी ऐकू यायला लागलं आणि हे नवीन मशीन बसवलंय. ते ओरडून बोलायला लागले. बाबांनी दोन दिवस समजावलं. तिसऱ्या दिवसापासून नको ते प्रश्न त्यांना खरोखरच ऐकू येईनासे झाले. नोकरीतले सगळ्यात सुखाचे पंधरा दिवस ते, असं बाबा आजही सांगतात.

पाचही तारा पास झाल्या. होणारच. बाबांना डास चावला तर पस्तावतो डासच. पण वहीत पाच वेळा 'पास' पाहून आई हरखली आणि तिने दिसायला सगळ्यांत देखणी तार निवडली, जर्मन सिल्व्हरची. चांदीसारखी चमकते आणि एकदा वळवली की वळलेलीच राहते.

"आई, कान तपासलेस बाबांचे, घालणार मावशी," मी म्हटलं.

"कान तो कान. त्यात काय एवढं?"

औषधांच्या कारखान्यात जन्म काढलेल्या बाईने असं म्हणावं!

समारंभाच्या सकाळी आई डबी घेऊन गेली. मावशीने डूल उलटसुलट करून पाहिले आणि विचारलं, "कसली तार?"

"पंधरा दिवस तपासून निवडलेली," आई म्हणाली. खोटं काहीच नव्हतं त्यात.

आणि मावशी खरंच डूल घालून व्यासपीठावर आली. आईने माझा हात इतका घट्ट धरला की बोटांना मुंग्या आल्या. दोन भाषणं ती हवेत होती. तिसऱ्या भाषणाला मावशीचे कान गुलाबी झाले, पाचव्याला लालबुंद. काढ, काढ, असं सुचवायला आई खालून स्वतःचे दोन्ही कान ओढायला लागली. शेजारच्या बाईंनी हळूच विचारलं, "तुमचं काय चुकलं?" मावशीने आमच्याकडे एकदा पाहिलं आणि मान वळवली. एरवी तासभर बोलणारी मावशी त्या दिवशी सात मिनिटांत खाली बसली. शिक्षकांनी इतक्या मनापासून टाळ्या यापूर्वी वाजवल्या नसतील.

कार्यक्रम संपताच आई शिक्षकांच्या खोलीत धावली. मावशी एकटी आरशासमोर उभी होती. कानाच्या पाळ्या सुजून आकडे आत रुतले होते.

"ताई, काढ ते आधी. चुकलं माझं. तार चुकली."

"ते मला दुसऱ्या भाषणालाच कळलं."

"मग काढले का नाहीस?" आई रडवेली झाली.

मावशीने केस कानांवरून मागे सारले, डूल नीट दिसतील असे.

"सगळ्यांना सांगून बसलेय, माझ्या धाकटीने केलेत म्हणून," ती म्हणाली. "फोटो व्हायच्या आधी कसे काढू?"