आंजीचे सोड्या आणि मधली ढाल

सेलूच्या बसस्थानकासमोरच्या टपरीवर आमच्या कबड्डी मंडळाचा इतिहास रोज सकाळी नव्याने ठरतो. यंदा तो जरा जोरात ठरत होता. मंडळाचा नवा हॉल बांधून झाला होता. त्याच्या दारासमोरच्या भिंतीवर एकच मोठा फोटो बसणार होता, कारण बाकीची भिंत खिडक्यांनी खाल्ली होती. खाली रंगाने मजकूर लिहायचा होता: मंडळाचा सुवर्णकाळ. कोणाचा काळ, यावर तर्रीपोह्यांच्या किती प्लेटा रिकाम्या झाल्या ते टपरीवाल्यालाच ठाऊक.

पहिला दावा गुरुजींचा. हे निवृत्त शिक्षक. त्यांचे थोरले भाऊ मंडळाच्या अगदी पहिल्या संघात होते. त्या संघाने सलग तीन वर्षं जिल्ह्याची ढाल आणली. गुरुजी तेव्हा संघाला पाणी द्यायचे, पण बोलताना "आम्ही जिंकलो" म्हणतात.

दुसरा दावा मंडळाच्या सचिवाचा. त्याचं खताचं दुकान आहे. हा आत्ताच्या, मॅटवर खेळणाऱ्या पोरांच्या बाजूचा.

"गुरुजी, तुमच्या भावाच्या टायमाले टीमच किती होत्या?" तो म्हणायचा. "दोन. एक तुमची, अन् एक तुमच्याच बंडीत बसून आलेली."

"अन् तुमच्या पोरांले बूट लागते, गुडघ्याले पट्टे लागते," गुरुजी म्हणायचे. "तीस सेकंद झाले का घंटी. दम कोन पाह्यते आता? घड्याळ पाह्यते."

तिसरा दावा आमचा. आमच्या संघाने सलग पाच ढाली आणल्या. पाचापुढे तीन कुठे टिकणार? त्यामुळे मी फार बोलत नसे. शेवटी एकच वाक्य टाकायचो, "आमच्या काळात दम खरा होता," आणि चहाचा घोट घ्यायचो.

त्यावर दरवेळी कोणीतरी खोकायचं. खोकणारे म्हणजे माझे इवाई. आमच्याकडे व्याह्यांना इवाई म्हणतात. त्यांची मुलगी माझी सून. ते राहतात आंजीला, पण लेकीला भेटायला म्हणून येतात आणि अर्धा वेळ टपरीवर बसतात. एकेकाळी आंजीच्या संघात ते कोपऱ्यावर खेळायचे. चढाई करणाऱ्याचा घोटा त्यांच्या हाती लागला की सुटत नसे. तरीही आंजीत त्यांचं नाव पडलं सोड्या. हातात आलेलं सोडणारा, तो सोड्या.

हे नाव पडलं आमच्या पाच ढालींपैकी तिसरीच्या, म्हणजे मधल्या ढालीच्या अंतिम सामन्यात. सामना जाम या गावी, महामार्गालगतच्या मैदानावर होता. ट्रकवाले गाड्या कडेला लावून टपावर चढून बघत होते. दोन्ही संघांचे गुण सारखे होते आणि शेवटची चढाई माझी. ज्यांनी मातीतली कबड्डी पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो. चढाई करणाऱ्याने एका दमात "कबड्डी कबड्डी" म्हणत राहायचं. पकडल्यावर दम टिकवून मधल्या रेषेला हात लावला तर तो सुटला आणि पकडणारा बाद. रेषेआधी दम तुटला तर तोच बाद. माझा घोटा या गृहस्थांनी धरला. मी रेषेकडे सरपटलो. आणि रेषा हातभर लांब असताना त्यांनी घोटा सोडला. माझा हात रेषेवर पडला. पंचाने आम्हाला गुण दिला. आम्ही जिंकलो आणि ते सोड्या झाले.

आमच्या मुलांच्या लग्नात आंजीच्या पाहुण्यांनी त्यांना याच नावाने हाक मारली, तेव्हा मांडवात सगळ्यात मोठ्याने हसणारा मी होतो. "इवाईबुवा, पोरगी तरी नीट धरून आना, मंडपापर्यंत सोडू नका," असंही मी म्हणालो होतो. तेही हसले होते.

तर यंदा भिंतीचा फोटो आमचाच ठरला. गुरुजी रुसले, पण पाच ते पाच. सचिव मोठ्या हौसेने मजकूर तयार करून आला. त्यात त्याला जामची चढाई घालायची होती.

"काका," तो माझ्या इवायांना म्हणाला, "तुमचं खरं नाव टाकू का सोड्या टाकू? सोड्या टाकलं का वाचनाऱ्याले मजा येते."

"सोड्याच टाका, बाप्पा," इवाई तंबाखू-सुपारीचा खर्रा चोळत म्हणाले. "खऱ्या नावानं तर आंजीत पोस्टमनबी ओळखत नाई."

सगळे हसले. मीही हसायला तोंड उघडलं, पण हसू आलं नाही. टपरीवरची गोष्ट टपरीवर विरते. भिंतीवरचा रंग आमच्यामागे राहणार होता. आमची नात, म्हणजे त्यांचीही नात, त्याच हॉलमध्ये खेळायला जाते.

"ते लिहू नको," मी सचिवाला म्हणालो. "माहा दम तुटला होता."

"कवा?"

"रेषेच्या आधी. दम तुटला म्हनून यायनं घोटा सोडला. नेमका तवाच ट्रकवाल्यानं हॉर्न दाबला, अन् पंचाले ऐकूच नाई आलं. मी हात लावला अन् गप राह्यलो."

त्या काळची रीत अशी की चढाईवाल्याचा दम तुटल्याचं पकडणाऱ्याच्या कानावर आलं की त्याने हात सोडायचा. मेलेल्याला कशाला धरून ठेवायचं? दम तुटलेला भिडूही आपणहून हात वर करायचा. इवायांनी त्यांची रीत पाळली. मी माझा हात वर न करता रेषेवर टेकवला.

मग गुरुजी उठून उभे राहिले. त्यांच्या गुडघ्यांना इतकं झटकन उठताना मी पाहिलं नव्हतं.

"मधली गेली का?" ते म्हणाले. "म्हनजे अलीकडं दोन, पलीकडं दोन. सलग दोनच! अन् आमच्या सलग तीन!"

"गुरुजी, थांबा ना जरा," सचिव म्हणाला.

"थांबलोच होतो इतके वर्षं."

इवाई मात्र खर्राच चोळत होते. "झालं सांगून?" त्यांनी विचारलं.

"झालं."

"पन मले काय सांगून राह्यले? मी तं तिथंच होतो. माह्या कानापाशीच तुटला तुमचा दम."

"मंग तवा बोलले काऊन नाई?"

"बोललो ना. मैदानातच बोललो. आमचे लोक म्हने, धरता नाई आलं तं बहाने करते. मंग पोरगी तुमच्या घरी देल्ली. आता इवायाले खोटा म्हनू का मी? खोकत होतो तेवढं." त्यांनी खर्रा तोंडात टाकला. "अन् इथं सांगून काय फायदा? चहा तुमचा, टपरी तुमची. आंजीले या. चौकात सांगा."

मी गुडघ्यांचं कारण सांगून पाहिलं. गुरुजींनी ते चालू दिलं नाही. उलट मंडळाच्या कपाटातली ती ढालच काढून आंजीला देऊन टाका, असा ठराव त्यांनी मांडला. ढाल पुन्हा कपाटात गेली तर सुवर्णकाळही परत आमच्याकडे येईल, ही त्यांना भीती. सचिवाने तोंड वाकडं केलं, पण ढाल दिली.

रविवारी आम्ही दोघं एसटीने निघालो. ढाल इवायांच्या मांडीवर होती. वर्धेच्या पुढे कंडक्टरने विचारलं, "काका, या वयात काय जिंकले?"

"यायले इचारा," इवायांनी माझ्याकडे बोट केलं. "हे सांगते. यायले आता सवय झाली सांगाची."

मी सांगितलं. गाडीचा आवाज फार, त्यामुळे ओरडून सांगावं लागलं, आणि अर्ध्या गाडीने ऐकलं. मागच्या सीटवरची एक बाई म्हणाली, "मंग इतके दिवस झोपले होते का?"

आंजीच्या चौकात त्यांच्या जुन्या संघाचे कप्तान हॉटेलच्या बाकावर बसले होते. सोड्या हे नाव यांनीच पाडलेलं. मी त्यांच्यासमोर ढाल ठेवली आणि उभ्यानेच सगळं सांगितलं. बसायचं सुचलं नाही.

कप्तानांनी ढाल उचलून उलटीपालटी करून पाहिली. "हॉर्न वाजला होता, हे खरं," ते म्हणाले. "म्हनजे हे आमची होय."

"तुमचीच."

"घ्या! म्हनजे आंजीचाबी सुवर्णकाळ होता!" हॉटेलवाला म्हणाला.

"एका ढालीचा?" शेजारच्या बाकावरून कोणीतरी विचारलं.

"एका ढालीचा का होईना!"

लगेच तिथे वाद सुरू झाला की त्या वर्षीचा आंजीचा संघ आणि आत्ताचा, यात सरस कोण. मला सगळं ओळखीचं वाटलं. कप्तान मात्र वादात पडले नाहीत. ते इवायांकडे वळले.

"तू तं सांगितलं होतं बे मले. त्याच दिवशी."

"सांगितलं होतं."

"मीच नाई ऐकलं." त्यांनी उपरण्याने ढालीवरची धूळ पुसली, होती त्यापेक्षा जास्त वेळ. "मंग आता तुले काय म्हनाचं?"

"सोड्याच म्हना," इवाई म्हणाले. "या वयात नवं नाव कोनाच्या ध्यानात राह्यते? पन कोनी इचारलं, काऊन सोडलं, तर पुरं सांगत जा."

संध्याकाळच्या गाडीला ते मला पोचवायला आले. एसटीची पायरी उंच. मी दांडा धरला, त्यांनी मागून माझं कोपर धरलं. एक पाय वर गेला, दुसरा खालीच अडकला आणि मी धापा टाकत तसाच उभा राहिलो.

"सोडू का?" त्यांनी विचारलं.

"थांबा," मी म्हणालो. "दम तुटला."