बापूकाकांचे रविवारचे पाहुणे

सरकारी वाहिनीवर इतिहासाचा माहितीपट असला की बापूकाका धुतलेला शर्ट घालून, गळ्यापर्यंत बटणं लावून टीव्हीसमोर बसत. अकोल्याच्या उन्हाळ्यातसुद्धा. पंख्याच्या आवाजात निवेदकाचं बोलणं बुडतं म्हणून पंखाही बंद. ते आमचे शेजारी; बायको गेल्यापासून एकटेच. मी शिकवते त्या शाळेला सुट्टी असायची, म्हणून रविवारी सकाळी मी त्यांच्याकडे जाऊन बसे. शर्टाचं एकदा विचारलं, तर म्हणाले, "पाहुणे येऊन राहिले ना घरी, मास्तरीणबाई. त्यांच्यासमोर बनियनवर बसू काय?"

पाहुणे म्हणजे पडद्यावरची माणसं. लढाई सुरू झाली की काका चहा टाकायला उठत. पण कोणाचा आजा कोण, कोण कुठून येऊन कुठे वसला, हे सुरू झालं की त्यांच्या डोळ्यांवर झापड येई. झोपेची नव्हे, ते कुठेतरी निघून गेलेले असत. तीर्थक्षेत्राच्या पुरोहितांकडच्या वंशावळींच्या लांबट वह्या पडद्यावर उलगडत आणि काका बोटांच्या पेरांवर पिढ्या मोजत. मधेच विचारत, "मंग धाकट्याचं काय झालं? तो कुठं गेला?" निवेदक पुढे सरकलेला असे. काकांचा अंगठा मात्र त्याच पेरावर थांबलेला.

आल्यागेल्याला ते पणजोबांचं नाव विचारत. "तीन नावं तर कागदपत्रात बी सापडतात. चौथं सांगा." स्वतःच्या सात पिढ्या ते एका लयीत सांगत, लांबून जाणाऱ्या मालगाडीसारख्या. ऐकता ऐकता गुंगी यायची.

एका रविवारी समुद्रापारच्या बेटावरून आलेली एक म्हातारी दाखवली. तिच्या पणजोबाला उसाच्या मळ्यावर मजुरीला नेलं होतं. तिच्या हातात एक कागद, त्यावर गावाचं नाव. ती त्या गावात उतरली आणि अनोळखी बायकांनी तिला कुंकू लावलं. माहितीपट संपला, बातम्या लागल्या, तरी काका हलले नाहीत. मग पडद्याकडेच बघत म्हणाले, "मले वरूडले नेशील काय?"

तेव्हा मला कळलं की त्या सात पिढ्या दत्तक घराण्याच्या होत्या. काका जन्मले वरूडजवळच्या एका खेड्यात. पाचव्या वर्षी त्यांना अकोल्याला दिलं. इकडच्या आईनं जीव लावला, पण तिकडे फिरकायचं नाही असं वचनही घेतलं. "ती गेल्यावर बी तिचा शब्द मोडवला नाही," ते म्हणाले. "पण आता तिकडं कोणी हाये का नाही, एवढं तरी पाहून येऊ."

आम्ही एसटीनं अमरावती गाठलं आणि तिथून वरूडची गाडी धरली. थंडीचे दिवस होते. धुक्यातून संत्र्यांच्या बागा हळूच वर यायच्या आणि पुन्हा विरघळून जायच्या. काका खिडकीला कपाळ टेकवून बसले होते. "हे मी पाहेलं हाये का नुसतं मनात रचलं, काही समजून नाही राहिलं," एवढंच एकदा बोलले.

गावात त्यांची थोरली बहीण निघाली. मथुराबाई. ओसरीवर संत्री निवडत बसल्या होत्या. काकांनी हात जोडले आणि जन्मदात्या बापाचं, आज्याचं नाव घेऊन ओळख सांगायला सुरुवात केली. म्हातारी बघत राहिली. मग म्हणाली, "एवढी नावं नको सांगू. बस." तिनं भाकरी वाढली. काकांचं जेवण होईपर्यंत ती त्यांच्या ताटात वाढत राहिली.

हात धुतल्यावर म्हणाली, "त्या दिवशी तू गाडीत बसत नव्हता. रडून राहिला होता. मंग मायनं मले सांगितलं. म्याच तुले म्हटलं, चाल, आपण जत्रेले जाऊन राहिलो. तुले बसवलं अन् मी उतरून गेली. जलमभर मले तेच दिसते, बाप्पा."

काकांनी तिचा हात हातात घेतला. "मले काही आठवत नाही, बाई," ते म्हणाले. "इतकुसा होतो मी. झोपलो असीन."

ती रडली, मग हलकी झाल्यासारखी हसली आणि आम्हाला संत्री सोलून देऊ लागली.

आम्ही परतीची गाडी धरली. मोर्शी मागे पडल्यावर काका म्हणाले, "खोटं बोललो मी. सारं आठवते मले. लाल पोलकं होतं तिचं. गाडी हालली तवा ती चाकासंग पळत आली होती." बाहेर उन्हं कलली होती आणि बागांवर सोनेरी धूळ तरंगत होती.

त्यानंतर चार हिवाळे ते वरूडला जाऊन राहिले. बहिणीच्या ओसरीवर, तिच्याच टीव्हीसमोर. पाचव्या हिवाळ्याआधी, साध्या तापाचं निमित्त होऊन, ते गेले.

गेल्या महिन्यात मी मथुराआत्यांना भेटायला गेले. त्या आता फारशा उठत नाहीत. निघताना त्यांनी माझं मनगट धरलं. "तुह्यापाशी तो सारं बोले. खरं सांग, त्याले जत्रेचं आठवत होतं काय?"

"नाही आत्या," मी म्हटलं. "कधीच बोलण्यात निघालं नाही ते."