विहिरीवरचा आरसा

धवळीयाडीकडे हातभर आरसा होता, पण त्यात तिनं कधी तोंड पाहिलं नाही. तो नवऱ्याशी बोलायचा आरसा होता.

आर्णीजवळच्या बंजाऱ्यांच्या तांड्यावरची ही बाई. त्यांच्या बोलीत याडी म्हणजे आई. आमचं गावही तिला याडीच म्हणे. नवरा हरसिंग बुडी मारून विहिरीत पडलेल्या बादल्या, घागरी काढी. ऊन कललं की याडी काठावरून आरशानं उन्हाचा झोत तळापर्यंत सोडायची. हरसिंग पाण्याखाली गेला की तीही श्वास धरायची. तिचा दम तुटला की आरसा बाजूला, खाली अंधार, आणि हरसिंग वर. "पान्यात हाक पोचत नाई, बापू. उजेड पोचते," ती मला म्हणायची. नवऱ्याला तोंड न उघडता बोलावणारी ही एकच बाई, असं म्हणून गावातल्या बायका हसत. तीही हसायची.

महाराष्ट्र राज्य झालं त्याच्या पुढल्या चैत्रात, बहिणीच्या लग्नासाठी आणलेला पितळी हंडा आमच्या विहिरीत पडला. माझे वडील, दादा, यांना न बोलावता मदतीला धावायची भारी हौस. हरसिंगनं बुडी मारली तसा त्यांनी घरातला आरसा आणला आणि मोटेच्या ओट्यावर चढून, याडीच्या पाठीमागून, आणखी एक झोत पाण्यात सोडला. "तळ चांगला दिसन त्याले," ते मला म्हणाले. याडीची नजर पाण्यावर होती.

तिचा दम तुटला. तिनं आरसा काढला, तरी विहीर उजळच राहिली. तिनं वळून वर पाहिलं.

"काढा तो आरसा, मालक."

दादांनी काढला. पाणी काळं झालं, पण हरसिंग वर आला नाही. गावच्या दोघांनी उतरून त्याला काढलं तेव्हा त्याच्यात जीव नव्हता.

हरसिंगचे दिवस झाल्यावर दादा तांड्यावर गेले. "मी तं मदतीलेच गेलतो, याडी."

"तुमचं काई चुकलं नाई, मालक. त्यायले वाटलं, मीच अजून थांब म्हनून राह्यली."

तिनं शिव्या घातल्या असत्या तर दादांना सोपं गेलं असतं. पुढे ते दाढीसुद्धा आरशावाचून, चाचपून करत.

याडीनंही पुन्हा आरसा हातात घेतला नाही. काही वर्षांनी ती तापानं खाटेला खिळली, तेव्हा मी भेटायला गेलो. छपराच्या भोकातून उन्हाचा कवडसा तिच्या छातीवर पडला होता. ती श्वास घेई, धरून ठेवी, मग सोडी. मला ते बघवेना. मी पाणी पुढे केलं, तर तिनं मान हलवली.

"बापू, तो उजेड झाका. त्याच्यानं मले निंगता येऊन नाई राह्यलं."

मी खांद्यावरचा दुपट्टा भोकात खोचला. खोपीत अंधार झाला. तिनं धरलेला श्वास सोडला, आणि पुन्हा घेतला नाही.