करकर कुठून येते

उतारवयात प्रथमच लिहायला बसण्याचे धाडस करीत आहे. वाचकांनी क्षमा करावी.

आमची जुनी गाडी खड्ड्यातून जाताना करकरते. ‘आवाज डाव्या चाकातून येतो,’ असे मी गॅरेजमधल्या सलीम मेस्त्रींना ठामपणे सांगितले. ते हसले. ‘काका, आवाज पत्र्यातून फिरतो. कानाचं ऐकू नका. तुम्ही फक्त बॉनेट दाबत राहा.’ मी दाबत राहिलो आणि ते चाकांमागे हात घालून एकेका सांध्यावर तळवा टेकवत गेले. अखेर उजवीकडच्या सांध्यात बसवलेल्या एका रबरी बुशवर त्यांचा हात थांबला.

‘इथं थरथरतंय. रबर पार सुकलंय. कधीपासून वाजतंय?’

‘दोन वर्षे झाली असतील.’

‘मग रेडिओ मोठा करत असणार तुम्ही.’

मी तेच करीत आलो होतो. घरी परतताना पत्नीचे कण्हणे आठवले. खुर्चीतून उठताना ती कण्हते, तेव्हा मी शेजारच्या खोलीतूनच ‘गुडघा का?’ असे विचारतो. ती ‘हो’ म्हणते. आताशा याहून अधिक ती काही सांगत नाही. दुखणे गुडघ्याचेच आहे, हे मीच ठरवून टाकलेले. इतक्या वर्षांनंतर तिच्याजवळ बसून नीट विचारायचे, तर सुरुवात कशी करावी?